एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी की नाही? बडोद्यातल्या गाडीवाल्यांचे वारंवार येणारे प्रश्न

मकरपुऱ्याच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये मी ११ वर्षं वॉरंटीच्या टेबलावर होते. गाडीचा पार्ट बिघडलेला निघाला की तो कंपनीच्या खर्चाने बदलायचा का गिऱ्हाइकाच्या, त्याचे कागद माझ्या हातून जायचे. ते काम सोडून आता बरेच दिवस झाले, पण दसरा-धनतेरस जवळ आली की दांडिया बाजारातल्या मावशीपासून मंडळाच्या ग्रुपवरच्या अनोळखी लोकांपर्यंत सगळे तेच तेच विचारतात. म्हणून आलेले प्रश्न जसे आले तसे इथे एकत्र लिहिलेत. आधी साधे आहेत, अडचणीचे पुढे आहेत.

१. ताई, गाडीचा इन्शुरन्स काढलाय ना, मग ही एक्स्टेंडेड वॉरंटी अजून कशाला?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. इन्शुरन्स बाहेरून झालेल्या नुकसानीसाठी असतो, म्हणजे ठोकली, चोरीला गेली, पाण्यात बुडाली, झाड पडलं. वॉरंटी आतून बिघडलेल्या गोष्टीसाठी असते, म्हणजे तुम्ही काही केलं नाही, नीट चालवत होता आणि एसीचा कॉम्प्रेसर बसला किंवा स्टिअरिंगची मोटर गेली. कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर हाच दुसरा भाग पुढे काही वर्षं चालू ठेवायचे जे पैसे भरता ती एक्स्टेंडेड वॉरंटी. आणि एक, ‘बंपर टू बंपर’ असं जे सगळे म्हणतात ते आपल्याकडे झीरो डेप इन्शुरन्सला (ज्यात क्लेमच्या वेळी पार्टचा घसारा कापत नाहीत) म्हणतात, वॉरंटीला नाही, त्यामुळे शोरूममध्ये तो शब्द ऐकून सगळं कव्हर झालं असं समजू नका.

सर्व्हिस पॅकेज आणखी तिसरंच, त्यात ऑइल, फिल्टर, लेबर आधीच भरून ठेवायचं असतं. आणि रस्त्यात गाडी बंद पडली तर टोइंगला येतात ती रोडसाइड असिस्टन्स. कोटेशनमध्ये ही चारही नावं एकाखाली एक लिहिलेली असतात, प्रत्येकाची रक्कम वेगळी करून मागा.

२. कंपनीची वॉरंटी मुळात किती असते आणि किती वाढवता येते?

मारुतीने जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटी २ वर्षं/४० हजार किमीवरून ३ वर्षं/१ लाख किमी केली आणि पैसे भरून ती ६ वर्षं/१ लाख ६० हजार किमीपर्यंत नेता येते. टाटा, ह्युंदाई, टोयोटा यांच्याकडेही साधारण ३ वर्षं धरून चला, किलोमीटरची अट मात्र कंपनीप्रमाणे बदलते, काहींकडे तर मर्यादाच नसते. लक्षात ठेवायचं ते हे की जे आधी येईल ते. वर्षं संपली किंवा किलोमीटर संपले, दोन्हीपैकी एक झालं की खेळ खलास.

३. यात नक्की काय येतं आणि काय येत नाही?

येतं ते: इंजिनचे आतले पार्ट, गिअरबॉक्स, टर्बो, फ्युएल पंप, इंजेक्टर, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), स्टिअरिंग, एसीचा कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, स्टार्टर, पॉवर विंडोची मोटर, बहुतेक प्लॅनमध्ये समोरची टचस्क्रीनही.

येत नाही ते: ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, टायर, बल्ब, बेल्ट, फिल्टर, सगळी ऑइलं, काच, रंग, सीटकव्हर, प्लास्टिकचा खडखडाट. घासून झिजणारी प्रत्येक वस्तू बाहेर. १२ व्होल्टच्या बॅटरीची वॉरंटी बॅटरी कंपनीची वेगळी असते.

भांडणं होतात ती मधल्या वस्तूंवरून. सस्पेंशनचे बुश, शॉकअब्झॉर्बर, इंजिन माउंटिंग, व्हील बेअरिंग. मूळ ३ वर्षांत यातलं बरंच काही मिळून जातं पण एक्स्टेंडेडमध्ये तेच पार्ट कापलेले असतात, आणि चौथ्या वर्षी खड्ड्यातून खटखट आवाज करत गाडी आली की ॲडव्हायझर म्हणतो ‘काका, आ वॉरंटीमां नहीं आवे’ आणि काकांना वाटतं फसवलं. फसवलेलं नसतं, ते छापलेलंच असतं, पण ते पान डिलिव्हरीच्या दिवशी पेढे आणि फोटोच्या गडबडीत कोणी वाचत नाही. सही करायच्या आधी ‘काय कव्हर नाही’ हे एकच पान व्हॉट्सॲपवर मागवा आणि घरी बसून वाचा. हे एवढं केलं तरी माझं हे सगळं लिहिणं वसूल झालं.

४. ते सगळं ठीक, पण घ्यावी की नाही ते सरळ सांगा.

सरळ उत्तर गाडीवर आहे. मी तीन गोष्टी विचारते: गाडी कोणती, वर्षाला किती चालते, आणि किती वर्षं ठेवणार.

साधं पेट्रोल इंजिन, हाताचा गिअर, बेस मॉडेल असेल तर या गाड्या ५-६ वर्षं फारसा मोठा खर्च काढत नाहीत. माझ्या टेबलावर अशा गाड्यांचे मोठे क्लेम क्वचित यायचे. तिथे नाही घेतली तरी चालेल, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

टर्बो पेट्रोल, डिझेल, ऑटोमॅटिक (त्यातही ड्युअल क्लच), सनरूफ, कॅमेरे, रडार, भली मोठी स्क्रीन असलेली गाडी असेल आणि ती तुम्ही ३ वर्षांच्या पुढे ठेवणार असाल तर घ्या. इथे एक पार्ट गेला की वॉरंटीची पूर्ण किंमत वसूल होते. मी पाहिलेली बिलं अंदाजे सांगते, एसी कॉम्प्रेसर छोट्या गाडीतसुद्धा २०-२५ हजार, इलेक्ट्रिक स्टिअरिंगचं युनिट ३०-४० हजार, आणि ड्युअल क्लचचं कंट्रोल युनिट गेलं तर लाखाच्या पुढे. शिवाय हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक वस्तू रिपेअर होत नाहीत, अख्खं युनिटच बदलतात, म्हणून बिल फुगतं. आमच्या वेळी अल्टरनेटर उघडून त्याचे कार्बन बदलून देणारे रावपुऱ्यात होते, स्क्रीन आणि कंट्रोल युनिटचं तसं कोणी सहसा करून देत नाही.

आणि दर ३ वर्षांनी गाडी बदलणारे असाल तर स्वतःसाठी घेण्यात काहीच अर्थ नाही, मूळ वॉरंटीतच तुमचा काळ संपतो. विकताना उपयोग होतो का ते प्रश्न १६ मध्ये आहे.

५. बाबा रिटायर झालेत, गाडी वर्षाला ३-४ हजार किमी चालते. त्यांना हवी का?

लोकांना वाटतं कमी चालते म्हणजे बिघडणार नाही. किलोमीटरने झिजणाऱ्या गोष्टी वाचतात हे खरं पण उभ्या गाडीत रबर कडक होतं, एसीचा गॅस सुटतो, कनेक्टर गंजतात. तरी साधी गाडी असेल तर नको. ऑटोमॅटिक असेल, आणि बाबांना वर्कशॉपमध्ये जाऊन बिलावर वाद घालणं जमत नसेल, तर घ्या, कारण त्यांच्यासाठी मनाची शांतता हीच मोठी गोष्ट आहे आणि त्यांची वॉरंटी वर्षांनी संपेल, किलोमीटरने नाही, म्हणजे भरलेला पूर्ण काळ त्यांना मिळतो.

६. मी रोज हालोलला जातो / अहमदाबाद अप-डाउन करतो, मला फायदा किती?

यात गणित करूनच ठरवा. हालोलचं जाऊन-येऊन साधारण ८० किमी धरा, महिन्याला २५ दिवस, म्हणजे वर्षाला २४ हजार. घरच्या पुणे-नाशिकच्या फेऱ्या धरून ३० हजार म्हणा. ३ वर्षांत ९० हजार, मूळची १ लाखाची मर्यादा पुरते. पुढे ५ वर्षं/१ लाख ४० हजारचा प्लॅन घेतला तर पाचवं वर्ष संपायच्या आधी चारेक महिने किलोमीटर संपतील, तरी फायदा चांगला आहे.

अहमदाबादवाल्याचं बघा. एक्सप्रेसवेने जाऊन-येऊन २२० किमी, महिन्याला २२ दिवस, वर्षाला ५८ हजार. मूळ १ लाख किमी पावणेदोन वर्षांत संपले. वाढीव ४० हजार किमी तो ८ महिन्यांत उडवणार. म्हणजे पैसे भरले २ वर्षांचे, मिळाले ८ महिने, आणि मूळ ३ वर्षांची मुदत तर अजून संपलेलीच नाही. अशा माणसाने किलोमीटरची मर्यादा नसलेली वॉरंटी देणारी गाडीच आधी बघावी, आणि ते शक्य नसेल तर वाढीव वॉरंटीची किंमत भागिले वाढीव किलोमीटर असा हिशोब करून मग बोलावं.

७. किंमत किती असते, भावताल होतो का, आणि लोनमध्ये टाकली तर चालेल का?

गाडीप्रमाणे बदलते, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून सांगितलेली रक्कम टॅक्स धरून आहे का ते आधी विचारा. कंपनीच्या प्लॅनची छापील किंमत सहसा हलत नाही पण महिनाअखेरीला शोरूमला टार्गेट पूर्ण करायचं असतं, तेव्हा ॲक्सेसरीजमध्ये किंवा सर्व्हिस पॅकमध्ये काहीतरी सोडतात. मागून बघायला काय जातंय.

लोनमध्ये टाकू नका. २० हजारांची वॉरंटी ७ वर्षांच्या लोनमध्ये ९ टक्क्यांनी घातली तर ती २७ हजारांना पडते. आणि गंमत म्हणजे पहिली ३ वर्षं तुम्ही अशा वस्तूवर व्याज भरताय जी अजून सुरूच झालेली नाही.

८. शोरूमवाला म्हणतो एक्स्टेंडेड वॉरंटी कंपल्सरी आहे, नाही घेतली तर गाडीला वेटिंग लागेल.

कंपल्सरी अजिबात नाही. कायद्याने लागतो तो इन्शुरन्स, आणि तोही त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नाही. एक वस्तू विकताना दुसरी घ्यायलाच लावणं याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा म्हटलंय. तोंडी वाद घालू नका, ‘कंपल्सरी आहे असं मला मेलवर लिहून द्या’ एवढंच म्हणा. माझ्या मावसभावाने हेच केलं, कोटेशन दुसऱ्या दिवशी त्या ओळीशिवाय आलं आणि गाडीही ठरल्या तारखेला मिळाली.

९. आत्ताच घेऊ की तीन वर्षं संपत आल्यावर?

दोन्ही मार्ग आहेत. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत कधीही देतात पण गाडीचं वय वाढलं की किंमत टप्प्याटप्प्याने वाढते. संपल्यावर मात्र जवळपास कोणीच देत नाही, दिलीच तर गाडी तपासून आणि जास्त पैसे घेऊन.

मला विचाराल तर पहिलं वर्ष गाडी वापरून बघा, पहिला टप्पा संपायच्या आत ठरवा. वर्षभरात गाडीचा स्वभाव कळतो, त्या मॉडेलला काय त्रास आहे ते बाकीच्या मालकांकडून ऐकायला येतं. फक्त टप्प्याची तारीख आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. माझ्याकडे तारीख दोन दिवसांनी हुकलेली माणसं यायची, तोंड अगदी एवढंसं करून, आणि सिस्टिम तारीख ओलांडली की एंट्रीच घ्यायची नाही, मी काही करू शकायचे नाही.

१०. कंपनीची वॉरंटी आणि डीलरची वॉरंटी यात फरक असतो का?

मोठा फरक असतो. सर्टिफिकेटवर गाडीच्या कंपनीचं नाव असेल तर देशात कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते, कोल्हापूरला बंद पडली तर तिथेही. काही वेळा मात्र डीलर दुसऱ्याच कोणाचा प्लॅन विकतो, त्यात क्लेमला आधी परवानगी लागते, एका क्लेमला किंवा एकूण किती रक्कम याची मर्यादा असते, कधी ठरावीक वर्कशॉपचीच अट असते. स्वस्त असतो म्हणून वाईटच असं नाही पण विचारा: वॉरंटी देणारा कोण, रकमेची मर्यादा किती, गावाबाहेर चालेल का. आणि पैसे भरल्यावर चेसिस नंबर घातलेलं सर्टिफिकेट हातात घ्या, नुसती पावती पुरत नाही. कंपनीच्या ॲपवर किंवा दुसऱ्या वर्कशॉपमध्ये चेसिस नंबर टाकून ती दिसते का ते पण बघा.

११. बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिस केली तर वॉरंटी जाते का?

प्रत्यक्षात बहुतेक वेळा अडवतात, हे आधीच सांगते. एक्स्टेंडेड वॉरंटीच्या अटींमध्ये वेळेवर, अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिस असं लिहिलेलंच असतं.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड लावला होता, आणि त्याच आदेशात म्हटलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, त्या कामामुळे जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. प्रकरण पुढे अपिलात गेलं. वाद घालताना हा मुद्दा उपयोगी पडतो पण वर्कशॉपच्या काउंटरवर तो तुमचं काम लगेच करून देणार नाही. म्हणून वॉरंटी घेतली असेल तर ठरलेली सर्व्हिस आतच करा. पंक्चर, टायर, वायपर, धुणं, अलाइनमेंट बाहेर बिनधास्त करा.

१२. आम्ही सहा महिने मुलाकडे न्यूजर्सीला होतो, सर्व्हिस चुकली. आता?

बडोद्यात हा प्रश्न इतका कॉमन आहे की वेगळा लिहावाच लागला. सर्व्हिस सहसा १० हजार किमी किंवा १ वर्ष अशी असते, गाडी हलली नाही तरी वर्ष मोजलं जातं. थोडे दिवस किंवा थोडे किलोमीटर पुढे-मागे चालतं, किती ते सर्व्हिस पुस्तिकेत असतं. जायच्या आधी, वेळ व्हायला महिना-दीड महिना असला तरी, सर्व्हिस उरकून जा. गेल्यावर लक्षात आलं तर वर्कशॉपला मेल टाका आणि शेजारच्या कोणाला तरी, भाच्याला, मित्राला गाडी नेऊन आणायला सांगा. आधीच चुकली असेल तर आता लगेच करा आणि जॉब कार्डवर (गाडी घेताना वर्कशॉप तक्रार आणि काम लिहितं तो कागद) कारण लिहायला लावा. एक सर्व्हिस चुकली म्हणून स्क्रीनचा क्लेम नाकारणं मी चालू दिलं नसतं, पण इंजिनचं काही निघालं तर मात्र ‘ऑइल वेळेवर बदललं नाही’ हे पहिलं वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणार.

१३. बाहेरून सीएनजी किट बसवलं / मोठा हॉर्न, फॉग लाइट, म्युझिक सिस्टिम लावली तर?

गुजरातमध्ये सीएनजीचे पंप मुबलक आणि किट लावणारेही मुबलक, त्यामुळे समजतं मला का लावतात. पण बाहेरचं किट लागलं की इंजिन, फ्युएल सिस्टिम आणि वायरिंगची वॉरंटी गेली असंच धरा. सीएनजीच हवी असेल तर कंपनी फिटेड घ्या, थोडी महाग पडली तरी, नाहीतर एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे भरू नका, दोन्ही एकत्र करणं म्हणजे पाण्यात पैसे.

इलेक्ट्रिकल सामानाचं एक डोळ्यासमोरचं उदाहरण सांगते. एका गाडीत बॉडी कंट्रोल मॉड्यूल जळलं होतं, मोठा पार्ट. टेक्निशियनने डॅशच्या खालचा लूम (वायरांचा जुडगा) सोडवला तर आत एका वायरचं कव्हर ब्लेडने खरवडून तिथे दुसरी लाल वायर पिळून काळी टेप गुंडाळलेली, टेपचा चिकटा उन्हाने वितळून बाहेर आलेला. बाहेर बसवलेल्या हॉर्नची वायर होती, ८०० रुपयांचा हॉर्न. त्या टेपचा फोटो क्लेमला जोडावाच लागतो आणि तो फोटो गेला की पुढे काही उरत नाही. कपलरने बसणारी, वायर न कापता लागणारी वस्तू घ्या, शक्यतो आतूनच बसवा आणि बिल ठेवा.

१४. पुरात गाडी गेली होती. वॉरंटीत मिळेल का? आणि रिपेअर झाल्यावर वॉरंटी चालू राहते का?

ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा अकोटा, समा, मुजमहुडा भागातल्या बेसमेंटमध्ये गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या, त्यानंतर हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आला. पाण्याचं नुकसान वॉरंटीत येत नाही, मूळ वॉरंटीतही नाही. ते इन्शुरन्सचं काम, आणि इंजिनमध्ये पाणी गेलं असेल तर इंजिन प्रोटेक्ट हा ॲडऑन नसताना इन्शुरन्सवालेही बऱ्याचदा हात वर करतात. बडोद्यात राहणाऱ्याला मी सांगेन की एक्स्टेंडेड वॉरंटी आणि इंजिन प्रोटेक्ट यातलं एकच परवडत असेल तर इंजिन प्रोटेक्ट घ्या. अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा रस्ता) दर पावसाळ्यात भरतं, आणि २०१९ च्या जुलैअखेरीस तर एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला होता. पाण्यात बंद पडली तर परत स्टार्ट मारू नका, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग ‘तुमच्या चुकीने झालं’ असं सगळीकडून ऐकावं लागतं.

दुसरा भाग जास्त अवघड आहे. पुरातून रिपेअर होऊन आलेल्या गाडीत आठ-दहा महिन्यांनी पॉवर विंडो किंवा सेन्सर जातात. कनेक्टर उघडला की पिनांवर हिरवट गंज दिसतो आणि ‘पाणी गेलं होतं’ म्हणून क्लेम नाकारला जातो. म्हणून इन्शुरन्सच्या रिपेअरच्या वेळीच सगळे कनेक्टर, लूम, सीटखालची मॉड्यूलं तपासून यादी करायला लावा, बदललेल्या प्रत्येक पार्टचं नाव बिलावर येऊ दे (त्यांना स्वतःची पार्ट वॉरंटी मिळते), आणि कंपनीला मेल करून विचारा की उरलेली वॉरंटी कुठल्या भागांवर चालू आहे. उत्तर लेखी मिळालं की जपून ठेवा. वॉरंटी पूर्णच रद्द केली असं म्हणाले तर उरलेल्या काळाचे पैसे परत मागा, काही प्लॅनमध्ये तशी सोय असते.

१५. उंदरांनी वायर कुरतडली, आणि दुसऱ्याच्या गाडीत पेट्रोलची भेसळ निघाली. हे येतं का?

दोन्ही येत नाही, बाहेरचं कारण आहे. उंदरांसाठी इन्शुरन्सकडे क्लेम टाकून बघा, पॉलिसीत काय लिहिलंय त्यावर आहे. पेट्रोलच्या बाबतीत ऑनलाइन पैसे भरायची सवय ठेवा म्हणजे कुठल्या पंपावर कधी भरलं ते दाखवता येतं. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दल विचारणाऱ्यांनी टाकीच्या झाकणाच्या आतला स्टिकर आणि मॅन्युअल बघावं, एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांना सहसा अडचण नाही, जुन्या गाडीवाल्यांनी आपल्या मॉडेलबद्दल कंपनीकडून मेलवर उत्तर घ्यावं.

१६. सेकंड हँड गाडी घेतोय, मालक म्हणतो एक्स्टेंडेड वॉरंटी बाकी आहे.

चांगली गोष्ट आहे, पण मालकाच्या शब्दावर पैसे वाढवू नका. चेसिस नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये जा आणि तीन गोष्टी बघून घ्या: वॉरंटी चालू आहे का, एकही सर्व्हिस चुकलेली नाही ना, आणि मीटरचं रीडिंग मागच्या जॉब कार्डांशी जुळतं का. रीडिंग मागे फिरवलेलं सापडलं तर वॉरंटी रद्द होते. बहुतेक प्लॅन नवीन मालकाच्या नावावर होतात, थोडी फी आणि फॉर्म असतो, काहींत ठरावीक दिवसांत अर्ज करावा लागतो म्हणून आरसी बदलली की लगेच करा. विकणाऱ्याच्या बाजूने सांगायचं तर भरलेले सगळे पैसे परत मिळत नाहीत, पण गाडी लवकर आणि कमी घासाघिशीत विकली जाते.

गाडी टॅक्सीत चालली असेल तर खासगी गाडीची वॉरंटी सहसा लागू नाही, नंबरची पाटी पांढरी दिसली तरी सर्व्हिस हिस्टरीत वर्षाला ६०-७० हजार किमी दिसले की विचार करा.

१७. इलेक्ट्रिक गाडीला वेगळी लागते का?

मोठ्या बॅटरीची वॉरंटी वेगळी आणि लांब असते, बऱ्याच गाड्यांना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी. हल्ली काही मॉडेलना ‘लाइफटाइम’ म्हणतात, तिथे पहिल्या मालकापुरतीच का आणि लाइफटाइम म्हणजे किती वर्षं हे वाचा. बाकीच्या गाडीला मात्र साधीच वॉरंटी असते, आणि चार्जर, कंट्रोलर, स्क्रीन, एसी हे सगळं महाग इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणून प्रश्न ४ च्या हिशोबाने इलेक्ट्रिक गाडीला मी घ्या म्हणेन.

१८. कंपनीच भारत सोडून गेली तर?

बडोदेकरांनी हे जवळून पाहिलंय. हालोलचा जनरल मोटर्सचा कारखाना २०१७ मध्ये बंद झाला आणि त्याच वर्षी शेव्हरोलेची विक्रीही थांबली, आज तिथे एमजीच्या गाड्या बनतात. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. अशा वेळी कंपन्या वॉरंटी आणि पार्ट देत राहू असं सांगतात, पण वर्कशॉप कमी होतात, पार्टला वाट बघावी लागते. नवीन किंवा डळमळीत ब्रँडची गाडी घेत असाल तर गावात किती वर्कशॉप आहेत ते मोजा, आणि लांबची वॉरंटी पहिल्याच दिवशी घेण्याऐवजी प्रश्न ९ प्रमाणे थांबा.

१९. क्लेम रिजेक्ट केला. आता काय करू?

सगळं जॉब कार्डापासून सुरू होतं. तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा: ‘सकाळी पहिल्या गिअरमध्ये झटका, एसी चालू असताना जास्त’. ‘जनरल चेकअप’ असं लिहिलेलं कार्ड घेऊन बाहेर पडू नका, कारण पुढच्या वेळी तक्रार जुनी आहे हे दाखवायला तुमच्याकडे काहीच नसतं. आवाजाचा, लागलेल्या दिव्याचा व्हिडिओ मीटरच्या रीडिंगसकट काढा. बाहेर कोणाकडे आधी उघडून बघू नका.

नाकारलं की कारण लेखी मागा, कुठल्या अटीखाली ते सकट. मी टेबलावर असतानाचं सांगते, लेखी मागणाऱ्याची फाइल आम्ही दुसऱ्यांदा उघडून बघायचो, कारण चुकीचं कारण कागदावर आलं की ते निस्तरावं लागतं. ‘वेअर अँड टेअर’ असं म्हणाले तर विचारा की सर्व्हिस पुस्तिकेत या पार्टचं ठरावीक बदलायचं अंतर कुठे दिलंय. पुष्कळदा दिलेलं नसतं. जुना पार्ट बघायला मागा, फोटो काढा.

मग कंपनीच्या कस्टमर केअरला मेल, चेसिस नंबर आणि जॉब कार्ड जोडून. उत्तर नाही आलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथून कंपनीकडे तक्रार जाते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग, घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही. फी अगदी किरकोळ आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तर नाहीच.

२०. वॉरंटी संपून १५ दिवस झाले आणि गिअरबॉक्स गेला. काहीच नाही होणार?

होऊ शकतं. याला गुडविल क्लेम म्हणतात. सगळ्या सर्व्हिस आत झालेल्या असतील, तर वर्कशॉप कंपनीला विनंती पाठवू शकतं आणि कधी कधी कंपनी पार्टचा अर्धा-पाऊण खर्च उचलते, लेबर तुमची. हा हक्क नाही, मागावं लागतं, आणि ॲडव्हायझर स्वतःहून सांगेलच असं नाही. थेट वर्क्स मॅनेजरला भेटा, ‘गुडविलला टाका’ असं त्याच शब्दांत म्हणा. वॉरंटी चालू असताना हीच तक्रार कधी जॉब कार्डवर आलेली असेल तर ते कार्ड सगळ्यात वर ठेवा, मग तो गुडविल राहत नाही, तो चालू वॉरंटीतला राहिलेला बिघाड होतो आणि पूर्ण खर्च मागता येतो. तसंच त्या मॉडेलचा रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन निघालंय का ते चेसिस नंबरवर बघायला लावा, ते काम वॉरंटी संपली तरी सहसा फुकट होतं.